दृष्टी गेली, प्रयोग चालूच राहिले

साबणाच्या पाण्यात तारेचे कडे बुडवून अलगद बाहेर काढले, की त्यात एक पातळ, चकचकीत पडदा ताणून बसतो. फुंकर घातली की त्याचा फुगा होतो आणि फुगा फुटला की खेळ संपतो. पण कड्याऐवजी तारेचा घनाकृती सांगाडा बुडवला तर? आत किती पडदे तयार होतील? ते एकमेकांना कुठे आणि किती अंशांच्या कोनात भेटतील?

या प्रश्नांची उत्तरे एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधील एका भौतिकशास्त्रज्ञाने शोधली. त्यांचे नाव जोझेफ प्लातो. (ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो वेगळा. त्याच्याशी यांचा गोंधळ करू नका!) साबणाच्या पडद्यांचे नियम आजही 'प्लातोचे नियम' म्हणूनच ओळखले जातात. मात्र हे नियम त्यांनी मांडले तेव्हा ते पूर्ण अंध होते. ज्या पडद्यांविषयी त्यांनी जगाला शिकवले, त्यांतला एकही त्यांना दिसत नव्हता.

हे कसे घडले? चमत्कार म्हणून त्याकडे पाहून हात जोडले, तर आपण काहीच शिकणार नाही. ही एक पद्धत होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

दृष्टीचाच अभ्यासक

प्लातो यांचा जन्म १८०१ साली ब्रुसेल्स येथे झाला. वडील चित्रकार होते. आई-वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले, तरी शिक्षण चालू राहिले. १८२९ साली लिएज विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता : प्रकाशामुळे डोळ्यावर उमटणारे ठसे.

जळती उदबत्ती अंधारात गरगर फिरवली तर प्रकाशाचे अखंड वर्तुळ दिसते, हे तुम्ही पाहिले असेल. डोळ्यावर उमटलेला ठसा क्षणार्धात पुसला जात नाही, तो थोडा वेळ रेंगाळतो. हा वेळ किती, रंगानुसार तो बदलतो का, हे प्लातो मोजत होते. याच अभ्यासातून १८३२ साली त्यांनी 'फेनाकिस्टिस्कोप' नावाची फिरती तबकडी तयार केली. तबकडीवर कडेने ओळीने चित्रे काढलेली असत. प्रत्येक चित्रात नर्तकाची थोडी पुढची स्थिती. तबकडी आरशासमोर फिरवायची आणि तिच्या फटींतून आरशात पाहायचे, की नर्तक गिरकी घेताना दिसे! त्याच सुमारास व्हिएन्नामध्ये श्टाम्फर यांनीही स्वतंत्रपणे अशीच तबकडी बनवली. आजच्या चलच्चित्रांच्या पूर्वजांत या खेळण्याची गणना होते.

१८३५ साली प्लातो गेंट विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढचा मार्ग आखलेलाच होता. डोळा हाच अभ्यासाचा विषय आणि डोळा हेच अभ्यासाचे साधन.

चाळिशी ओलांडली आणि…

१८२९ साली प्लातो यांनी एक अविचारी प्रयोग केला होता. तीव्र प्रकाशाचा डोळ्यावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी भर दुपारच्या सूर्याकडे सुमारे २५ सेकंद टक लावून पाहिले. त्यानंतर काही दिवस त्यांना नीट दिसेना. पुढे दृष्टी परत आली. १८४१ च्या सुमारास मात्र त्यांच्या डोळ्यांना तीव्र दाह सुरू झाला आणि १८४३ साली दोन्ही डोळ्यांची दृष्टी कायमची गेली.

त्या काळी अनेकांनी याचा दोष सूर्याकडे पाहण्याला दिला. प्लातो यांची स्वतःचीही तशीच समजूत होती. परंतु तीव्र सूर्यप्रकाशाने डोळ्याच्या आतील दृष्टिपटलाचा मधला भाग भाजतो, आणि ती इजा लगेचच कळते. त्यानंतर बारा-चौदा वर्षांनी दोन्ही डोळे दाहाने पूर्ण निकामी होणे याच्याशी जुळत नाही. डोळ्याच्या आतील थरांचा दीर्घकाळ चाललेला दाह हेच खरे कारण असावे, असे आजच्या अभ्यासकांना वाटते. तरीही तुम्ही सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नका. ग्रहणाच्या वेळी तर नाहीच नाही. भाजलेले दृष्टिपटल पूर्ववत होईल याची कोणतीही खात्री नसते.

कारण काही असो, परिणाम समोर होता. वय बेचाळिशीच्या आत. तीनच वर्षांपूर्वी लग्न झालेले, घरात लहान मूल. आणि ज्या कामावर नाव मिळवले, ते काम डोळ्यांचे!

काय गेले आणि काय उरले?

अंध झाल्यावरही मोठे काम करणारे शास्त्रज्ञ त्याआधीही होऊन गेले होते. गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांची दृष्टी १७६६ नंतर जवळजवळ पूर्ण गेली. तरी त्यांची स्मरणशक्ती आणि मनातल्या मनात आकडेमोड करण्याची ताकद एवढी विलक्षण होती की ते एकामागून एक शोधनिबंध तोंडी सांगत राहिले. परंतु गणित डोक्यात करता येते. प्रयोग डोक्यात कसा करणार? थेंबाचा आकार, पडद्याचा रंग, दोन कडांमधला कोन, हे सारे पाहावेच लागते.

येथे आपण जरा थांबू आणि प्रयोग करणे म्हणजे नेमके काय, याची यादी करू. प्रश्न निवडणे. तो तपासता येईल असा प्रयोग रचणे. उपकरण तयार करणे. निरीक्षण करणे आणि मोजणे. नोंद ठेवणे. नोंदी ताडून पाहणे. निष्कर्ष काढणे. त्या निष्कर्षातून पुढचा प्रश्न शोधणे. शेवटी सगळे इतरांना समजेल असे लिहिणे.

आता या यादीत डोळ्यांवाचून अडणारी कामे किती? फार तर तीन-चार : उपकरण जुळवणे, निरीक्षण, मोजमाप आणि नोंद. ती कामे दुसऱ्याचे डोळे व हात करू शकतात. प्रश्न निवडणे, प्रयोग रचणे, निष्कर्ष काढणे, ही कामे मात्र डोक्याची आहेत. प्लातो यांनी आपल्या कामाची नेमकी अशीच वाटणी केली. जे गेले ते दुसऱ्यांकडे सोपवले आणि जे उरले ते स्वतःकडे ठेवले.

गेंट विद्यापीठाने त्यांना शिकवण्याच्या कामातून मोकळे केले, पण त्यांचे प्राध्यापकपद कायम ठेवले. हाताशी माणसेही होती. त्यांचे सहकारी प्रयोगांत मदत करत. गणितज्ञ लामार्ल यांनी पडद्यांच्या रचनेची गणिती बाजू तपासली. पुढे मुलगा फेलिक्स, जो स्वतः प्राणिशास्त्रज्ञ झाला, आणि जावई गुस्ताव्ह व्हान डेर मेन्सब्रुगे यांनी त्यांचे डोळे होण्याचे काम केले.

वजन नसल्यासारखा तेलाचा गोळा

दृष्टी जाण्याच्या सुमारासच प्लातो यांनी एका नव्या विषयाला हात घातला होता. द्रवाला गुरुत्वाकर्षणाचा जाच नसता तर त्याचा आकार कसा झाला असता, हा तो विषय.

तेल पाण्यावर तरंगते आणि अल्कोहोलमध्ये बुडते, कारण तेलाची घनता या दोघांच्या मधली आहे. मग पाणी आणि अल्कोहोल योग्य प्रमाणात मिसळले, तर मिश्रणाची घनता तेलाइतकीच करता येईल. अशा मिश्रणात सोडलेले तेल ना वर जाते, ना खाली. ते मधेच लोंबकळत राहते आणि त्याचा सुबक गोल गोळा बनतो. द्रवाच्या पृष्ठभागावर एक ओढ असते. तिला आपण पृष्ठताण म्हणतो. ही ओढ पृष्ठभाग शक्य तितका आक्रसून घेते, आणि ठरावीक आकारमानासाठी सर्वांत कमी पृष्ठभाग असतो गोलाचा. गोळ्यातून दांडी घालून ती फिरवली, की गोळा चपटा होतो. वेग वाढवला की त्यातून कडेही सुटते. शनीच्या कड्याची आठवण यावी असे हे दृश्य.

हाच विषय प्लातो यांनी पुढे नेला. तेलाच्या जाड गोळ्यांवरून ते साबणाच्या अतिशय पातळ पडद्यांकडे वळले. पडदा इतका हलका असतो की वजनाचा परिणाम नगण्य ठरतो. मग अल्कोहोलच्या मिश्रणाचीही गरज उरत नाही. पडदे चटकन फुटू नयेत म्हणून त्यांनी साबणाच्या द्रावणात ग्लिसरीन मिसळले.

प्रश्न विचारण्याची कला

आता कल्पना करा. साबणाच्या पाण्यातून काढलेला तारेचा सांगाडा तुमच्या हातात आहे आणि समोर बसलेल्या अंध प्राध्यापकांना तो तुम्हाला सांगायचा आहे. "फार सुंदर दिसतोय", हे तुमचे पहिले उत्तर असेल. या उत्तराचा त्यांना काय उपयोग? म्हणून विचारणाऱ्याला प्रश्नच असे करावे लागतात, की उत्तर संख्येत किंवा 'हो-नाही'मध्ये यावे. पडदे एकंदर किती? एका कडेवर किती पडदे येऊन मिळतात? कुठे चार मिळालेले आहेत का? कडा सरळ आहेत की वाकलेल्या? सांगाडा पुन्हा बुडवून काढला तर तीच रचना येते का?

डोळस माणूस पुष्कळदा 'पाहिले' म्हणतो, पण मोजलेले नसते. ज्याला दिसत नाही, त्याला मोजल्यावाचून गत्यंतरच नसते. प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८७४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्लातो यांच्या ग्रंथावर लिहिले, तेव्हा स्वतःला न दिसणारे आकार आणि रंग मित्रांना प्रश्न विचारविचारून उलगडणाऱ्या या अंध शास्त्रज्ञाचा त्यांनी मुद्दाम उल्लेख केला.

या प्रश्नोत्तरांतून जे नियम निघाले, त्यांतले दोन तुम्हाला सहज समजतील.

पहिला : साबणाचे पडदे एका कडेवर मिळतात तेव्हा ते नेहमी तीनच असतात आणि त्यांच्यामध्ये १२० अंशांचे समान कोन असतात. प्रत्येक पडदा सारख्याच जोराने ओढतो. तीन समान ओढींचा समतोल साधायचा तर ३६० अंशांचे तीन समान भाग व्हायलाच हवेत. चार पडदे एका कडेवर आलेच, तर ती रचना टिकत नाही. क्षणात तिच्या तीन-तीन पडद्यांच्या दोन कडा होतात.

दुसरा : अशा कडा एका बिंदूत मिळतात तेव्हा त्या नेहमी चार असतात आणि कोणत्याही दोन कडांमधला कोन सुमारे १०९ अंश २८ मिनिटे असतो. रसायनशास्त्रात मिथेनच्या रेणूची रचना शिकलेल्यांना हा कोन ओळखीचा वाटेल. एका बिंदूपासून चार दिशा सर्व बाजूंनी सारख्या अंतरावर ठेवायच्या, तर हाच कोन येतो.

आता घनाकृती सांगाड्याकडे येऊ. घनाला बारा कडा, म्हणून बारा पडदे आणि ते सारे मध्यबिंदूत मिळतील, असा अंदाज कोणीही करेल. पण तसे झाले तर मध्यबिंदूत आठ कडा येतील, आणि चारच्या वर तर चालत नाही! प्रत्यक्षात पडदे होतात तेरा. मधोमध एक छोटा चौकोनी पडदा तयार होतो आणि बाकीचे बारा त्याला जोडलेले असतात. गंमत म्हणजे या चौकोनाच्या बाजू सरळ नसून किंचित बाहेर फुगलेल्या असतात. कारण कोपऱ्यात ९० अंशांचा कोन नियमाला मान्य नाही, तिथे सुमारे १०९ अंश हवेत.

दुसऱ्याच्या हातांनी मोजलेला 'पाय'

प्लातो यांनी द्रवाच्या दंडगोलाचाही अभ्यास केला. नळ बारीक सोडला की पाण्याची धार वरच्या बाजूला अखंड असते आणि खाली तिचे थेंब होतात. असे का? दंडगोल आखूड असेल तर तो टिकतो, फार लांब झाला की त्याचे गोळे होतात. कारण तेवढेच पाणी गोळ्यांच्या रूपात ठेवले तर पृष्ठभाग कमी लागतो. ही मर्यादा कोठे येते? व्यासाच्या सुमारे ३.१३ ते ३.१८ पट, असे प्लातो यांच्या प्रयोगांतून निघाले. सिद्धान्ताप्रमाणे हा आकडा आहे 'पाय', म्हणजे सुमारे ३.१४. दंडगोलाची लांबी त्याच्या परिघापेक्षा जास्त झाली, की तो अस्थिर होतो.

पुढे १८७९ च्या सुमारास लॉर्ड रॅले यांनी या घटनेचे गणित आणखी विकसित केले. आज शाईचे सूक्ष्म थेंब उडवून कागदावर छपाई करणारी यंत्रे बनवताना या अस्थिरतेचा विचार करावा लागतो.

या सर्व कामाचा दोन खंडांचा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. प्लातो त्यानंतरही थांबले नाहीत. दृष्टीविषयी जुन्या काळापासून कोणी काय लिहिले आहे, याची तपशीलवार सूची त्यांनी १८७७ पासून प्रसिद्ध करायला घेतली. तारुण्यातला आवडता विषय त्यांनी दृष्टी गेल्यावरही सोडला नव्हता! १८८३ साली गेंट येथे त्यांचे निधन झाले. अंधत्वानंतर त्यांना चाळीस वर्षे मिळाली आणि ती त्यांनी कामात घालवली.

त्यांचे प्रश्न तर विसाव्या शतकालाही पुरले. कोणत्याही बंद वळणाच्या तारेवर सर्वांत कमी क्षेत्रफळाचा पडदा असतोच, हे गणिताने दाखवणे म्हणजे 'प्लातोची समस्या'. १९३०-३१ च्या सुमारास जेसी डग्लस आणि टिबोर राडो यांनी ती सोडवली. १९३६ साली प्रथमच देण्यात आलेल्या फील्ड्स पदकांपैकी एक डग्लस यांना मिळाले. आणि पडद्यांच्या भेटीचे नियम जीन टेलर यांनी १९७६ साली गणिताने सिद्ध केले.

एकट्याच्या जिद्दीची गोष्ट नव्हे

अशा कथा सांगताना आपण म्हणतो, 'इच्छा तेथे मार्ग'. ते अर्धेच खरे आहे. प्लातो यांच्याजवळ जिद्द होती, तसेच पदही होते. पगार होता, शिकलेले कुटुंब होते, निष्ठेने निरीक्षण सांगणारे सहकारी होते. विद्यापीठाने १८४३ साली त्यांना घरी बसवले असते, तर त्यांच्या जिद्दीचे काय झाले असते? त्याच काळात दृष्टी गमावलेल्या एखाद्या विणकराला किंवा सुताराला यांतले काहीच मिळाले नसणार. त्यांची बुद्धी किंवा चिकाटी कमी होती, असे आपण कशाच्या आधारावर म्हणणार?

म्हणून दृष्टी गेलेल्या माणसाला दोन गोष्टी लागतात : नवी कौशल्ये आणि उघडे दार. कौशल्ये शिकता येतात. पांढऱ्या काठीच्या साहाय्याने एकट्याने वावरणे, बोटांनी ब्रेल वाचणे, संगणकावरील मजकूर ऐकून काम करणे, यांचे प्रशिक्षण असते. भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' ही समान लिपी १९५१ साली ठरली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी 'एनव्हीडीए' ही संगणकप्रणाली दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली सुरू केली आणि ती विनामूल्य मिळते. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेली 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' ही संस्था शिक्षण व पुनर्वसनाचे काम करते. प्लातो यांच्या वेळी यांतले बहुतेक काही नव्हते.

दार उघडे ठेवण्याचे काम मात्र यंत्र करू शकत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखल्या. त्यांपैकी १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येणार नाही, असेही हा कायदा सांगतो. गेंट विद्यापीठाने एका प्राध्यापकासाठी जे केले, ते आता हक्क म्हणून लिहिले गेले आहे. तो हक्क अमलात येतो की नाही, हे पुढे तुमच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या, शिक्षकांच्या आणि सहकाऱ्यांच्या वागण्यावर ठरेल.

वर्गात करून पाहा

शीतपेय पिण्याच्या सारख्या लांबीच्या सहा नळ्या घ्या. त्यांतून दोरा ओवून चार त्रिकोणी बाजूंचा सांगाडा बांधा. बादलीभर पाण्यात भांडी घासण्याचा पातळ साबण आणि थोडे ग्लिसरीन घालून अलगद ढवळा, फेस होऊ देऊ नका. सांगाडा पूर्ण बुडवून सावकाश बाहेर काढा.

आता एका विद्यार्थ्याने सांगाड्याकडे पाठ करून बसावे आणि दुसऱ्याने सांगाडा हातात धरावा. पाठ केलेल्याने फक्त प्रश्न विचारायचे आणि उत्तरांवरून फळ्यावर आकृती काढायची. पाहणाऱ्याने विचारले तेवढेच सांगायचे. पाच मिनिटांनी आकृती आणि सांगाडा शेजारी ठेवून पाहा. (बरोबर उत्तर : सहा पडदे, मध्याकडे जाणाऱ्या चार कडा आणि त्यांचा एक भेटीचा बिंदू.) मग अदलाबदल करून बारा नळ्यांचा घन घ्या.

पाठ करून बसल्याने अंधत्व काय असते ते कळत नाही, तसा समज करून घेऊ नका. कळते ते एवढेच, की आपण उघड्या डोळ्यांनी किती कमी पाहतो आणि नेमका प्रश्न विचारणे किती कठीण असते. तुमच्या वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल, तर प्रश्न विचारण्याचा पहिला मान त्याला द्या. या कामात तो बहुधा तुमच्या पुढे असेल.